समाधीच्या मागे गायलेले गाणे

दरवर्षी पौष वद्य पंचमीला तमिळनाडूतील तिरुवैयारू येथे, कावेरीच्या काठावर, शेकडो गायक-वादक समोरासमोर बसून त्यागराजांच्या पंचरत्न कृती एकमुखाने गातात. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया. आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून हा सोहळा देशभर पोहोचतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की ही प्रथा त्यागराजांच्या निधनापासून, म्हणजे १८४७ पासून, अशीच चालत आली असावी. वस्तुस्थिती निराळी आहे. सामुदायिक गायनाचे आजचे रूप १९४१ पासूनचे. त्यापूर्वी, १९२७ पासून पुढची काही वर्षे, याच ठिकाणी स्त्रियांचा स्वतंत्र संगीतोत्सव भरत असे. तो समाधीच्या मागील बाजूस भरे, कारण पुरुषांच्या उत्सवात गाण्याची त्यांना परवानगी नव्हती.

भारतातील स्त्रियांच्या संगीतोत्सवांचा इतिहास लिहायचा झाल्यास त्याच्या आरंभीच्या पानांवर तिरुवैयारूचे हे मागचे अंगण यायला हवे. तिथल्या गायनाचा आवाज आज आपल्याजवळ नाही, आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. उत्सवस्थळी जाऊन तासन्‌तास ध्वनिमुद्रण करण्याची साधने त्या काळी सहज उपलब्ध नव्हती. ती साधने आल्यानंतर, स्वतंत्र भारतात, आपण काय केले हा खरा प्रश्न आहे.

प्रथम त्या उत्सवाविषयी. त्यागराजांच्या समाधीची विसाव्या शतकाच्या आरंभी पडझड झाली होती. शिष्यपरंपरेतील काहींनी तिची डागडुजी केली, वार्षिक आराधना सुरू झाली आणि थोड्याच काळात त्या आराधनेत दोन तट पडले. एकाला ‘पेरिय कट्ची’ म्हणजे थोरला पक्ष, तर दुसऱ्याला ‘चिन्न कट्ची’ म्हणजे धाकटा पक्ष असे नाव मिळाले. दोघांचे मंडप निराळे, देणगीदार निराळे, मानपानाचे हिशेब निराळे. एका बाबतीत मात्र दोघांचे पूर्ण मतैक्य होते: स्त्रियांनी येथे गायचे नाही.

बंगळूर नागरत्नम्मा या मतैक्याच्या आड आल्या. १८७८ मध्ये म्हैसूर संस्थानात नंजनगूड येथे जन्मलेल्या नागरत्नम्मा देवदासी समाजातील होत्या. संगीत, नृत्य, संस्कृत आणि तेलुगू यांचे शिक्षण त्यांनी घेतले होते, आणि मद्रासमध्ये त्यांनी मोठा नावलौकिक व बऱ्यापैकी संपत्ती मिळवली होती. प्राप्तिकर भरणाऱ्या त्या शहरातील पहिल्या स्त्री कलावंत असे म्हटले जाते. समाधीच्या दुरवस्थेची वार्ता कानी आल्यावर त्यांनी स्वखर्चाने जमीन मिळवली, दागिने मोडले आणि १९२१ पासून तेथे मंदिर उभारण्यास आरंभ केला. १९२६ च्या सुमारास ते पूर्ण झाले. ज्या वास्तूसमोर दोन्ही पक्ष आपापली आराधना करीत होते, ती वास्तू आता एका देवदासीने बांधलेली होती, आणि तरीही तिला तेथे गाता येत नव्हते. १९२७ मध्ये त्यांनी तिसरा पक्ष काढला: ‘पेण्गळ कट्ची’, म्हणजे स्त्रियांचा पक्ष. समाधीच्या मागे स्त्रियांचे गायन होऊ लागले, हरिकथा होऊ लागल्या.

हरिकथेचा उल्लेख मराठी वाचकांसाठी मुद्दाम केला. तमिळ प्रदेशातील हरिकथेचे जे रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडले, त्याच्या जडणघडणीत तंजावरात रुजलेल्या मराठी कीर्तनाचा मोठा वाटा आहे. भोसल्यांच्या दरबाराने तंजावरला दिलेल्या देणग्यांपैकी ही एक. ती स्त्रियांच्या मंडपात अशी उपयोगी पडेल, हे दरबाराच्या ध्यानीमनीही नसावे.

पुढे १९४० मध्ये तीनही पक्ष एकत्र आले. त्यात मुसिरी सुब्रह्मण्य अय्यर यांच्यासारख्या गायकांचा पुढाकार होता, तसाच एस. वाय. कृष्णस्वामी या आयसीएस अधिकाऱ्याचाही. आमच्या पूर्वसुरींच्या नावावर काही भल्या गोष्टी जमा आहेत, त्यांपैकी ही एक. १९४१ पासून स्त्रिया पुढच्या अंगणात आल्या. १९५२ मध्ये नागरत्नम्मांचे तिरुवैयारू येथेच निधन झाले. त्यापूर्वी त्यांनी आपली मालमत्ता विश्वस्त निधीकडे सोपवली आणि दस्तऐवजात एक अट घातली: स्त्रियांना, आणि देवदासींनाही, येथे पूजेचा व गायनाचा हक्क राहील. अनेक न्यासपत्रे माझ्या हातांखालून गेली आहेत. इतका नेमका, इतका अनुभवातून आलेला कलम मी क्वचितच पाहिला आहे. आजचा समारंभ आपल्याला सामंजस्याचा वाटतो, परंतु त्या बाईंना सामंजस्यावर विसंबायचे नव्हते. त्यांनी ते नोंदणीकृत करून घेतले.

जतन करणे म्हणजे काय, हे नागरत्नम्मांना आपल्या धोरणकर्त्यांपेक्षा अधिक समजले होते. याचा आणखी एक पुरावा १९१० चा आहे. अठराव्या शतकात तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांच्या दरबारात मुद्दुपलनी नावाची विदुषी गणिका होती. तिने तेलुगूत ‘राधिका सांत्वनम्’ हे शृंगारकाव्य रचले. एकोणिसाव्या शतकात त्याची छापील आवृत्ती निघाली, पण त्यातील काही पद्ये गाळलेली होती आणि कवयित्रीने स्वतःविषयी लिहिलेला मजकूरही त्यात नव्हता. नागरत्नम्मांनी हस्तलिखित मिळवले, पाठ ताडून पाहिला आणि मद्रासच्या वाविळ्ळ या प्रकाशनसंस्थेकडून संपूर्ण काव्य प्रसिद्ध करविले. सरकारने ते अश्लील ठरवून त्याच्या प्रती जप्त केल्या. बंदी उठण्यास १९४७ उजाडावे लागले. मद्रास प्रांताचे तेव्हाचे प्रधान टंगुटुरी प्रकाशम् यांनी ती उठवली. ज्या काळात देवदासींची प्रथा मोडून काढण्याचा कायदा होत होता, त्याच काळात एका देवदासीच्या काव्याची सुटका झाली.

गाळलेल्या पद्यांची ही कथा ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत जशीच्या तशी पुन्हा घडली आहे. भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गायस्बर्ग याच्यासमोर पहिल्या काही दिवसांत ज्या गायल्या, त्यांत गौहर जान होत्या. अनेक नामांकित पुरुष गवई यंत्रासमोर गाण्यास तयार नव्हते. आवाज चोरीस जाईल, विद्या बाजारात जाईल, अशा शंका होत्या. व्यवसायाने गाणाऱ्या स्त्रियांना बाजाराचे भय नव्हते, कारण त्या आधीपासून त्यातच उभ्या होत्या. उत्तरेत गौहर जान, दक्षिणेत सेलम गोदावरी आणि पुढे खुद्द नागरत्नम्मा: आपल्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या पिढीचा पाया या स्त्रियांनी घातला. त्यांचे सूर मेणावर कोरले जात, जर्मनीत हॅनोव्हरला तबकड्या तयार होत आणि परत येथे विकायला येत. कलकत्त्याजवळ कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. तबकडीच्या अखेरीस गायिका स्वतःचे नाव उच्चारी, ते हॅनोव्हरच्या कामगाराला लेबल ओळखता यावे म्हणून. आज तेच नाव आपल्यासाठी सर्वांत विश्वसनीय नोंद ठरले आहे.

अशा तबकडीवर काय टिकते, याचे बोलके उदाहरण बनारसच्या रसूलनबाईंचे. १९३५ मध्ये त्यांनी एक प्रसिद्ध बंदिश मुद्रित केली. तिच्या मुखड्यात देहवाचक शब्द होता. नंतर सर्वतोमुखी झालेल्या रूपात त्या जागी सोज्ज्वळ शब्द आला. जुने रूप कलावंतांच्याही स्मरणातून जवळजवळ गेले. सबा देवान यांनी २००९ मध्ये ‘द अदर साँग’ हा माहितीपट केला तो त्या एका तबकडीचा माग काढत. तबकडी नसती तर बदल झाला होता हेही सिद्ध करता आले नसते. रसूलनबाईंचे अहमदाबादचे घर १९६९ च्या दंगलीत जळाले. घरात काय होते आणि काय गेले, याची यादी कोणाकडे असणार?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नभोवाणीने संगीताचे आश्रयदाते म्हणून संस्थानिकांची जागा घेतली. मद्रासचे केंद्र १९३८ मध्ये, तिरुचिरापल्लीचे १९३९ मध्ये सुरू झाले होते. परंतु याच सुमारास ज्यांचे खासगी जीवन हा लोकापवादाचा विषय आहे अशा स्त्रियांना ध्वनिक्षेपकापासून दूर ठेवण्याचा निर्णयही झाला. इतिहासकार डेव्हिड लेलिव्हेल्ड यांनी आकाशवाणीच्या संगीतधोरणावर लिहिताना याची नोंद केली आहे. या एका प्रशासकीय निकषाचा संग्रहावर झालेला परिणाम दूरगामी आहे. ज्यांना ध्वनिक्षेपकासमोर बसवले नाही, त्यांची टेप होण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे टेपांचा अभिलेख हाच ‘राष्ट्रीय वारसा’ मानला गेल्यावर त्या स्त्रिया वारशातूनही वजा झाल्या. कोणीतरी द्वेषाने केलेली ही गोष्ट नव्हे. फाइल जशी पुढे सरकते तशी ती सरकली.

ज्या स्त्रिया आत राहिल्या त्यांची नावे बदलली. अख्तरीबाई फैजाबादी या बेगम अख्तर झाल्या. दोन्ही नावांनी त्यांच्या तबकड्या आहेत, आणि सूचीकार अनभिज्ञ असेल तर एका गायिकेच्या दोन गायिका होतात. ‘बाई’ जाऊन ‘देवी’ आले, ‘जान’ गळून पडले, दक्षिणेत गावाचे नाव लावण्याची रीत मागे पडली. साथीदारांची नावे तर बहुधा नसतातच. नावांच्या या गुंत्याची उकल करणारी अधिकृत सूची एखाद्या विद्यापीठाला पाच-सहा अभ्यासकांच्या बळावर करता येईल. हे काम स्वस्त आहे, कदाचित म्हणूनच ते कोणी मंजुरीसाठी मांडत नाही.

कायद्याची बाजू तर अधिक विचित्र आहे. पुस्तके व वृत्तपत्रे सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याचा अधिनियम १९५४ चा. प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशनापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील तीन ग्रंथालयांस स्वखर्चाने द्यावी, असे तो सांगतो. त्यातील ‘पुस्तक’ या संज्ञेत छापील स्वरलिपीचा सुटा कागदही येतो. ध्वनिमुद्रिका येत नाही. म्हणजे एखाद्या गायिकेच्या कृतीची स्वरलिपी कोणी छापली तर राष्ट्राने ती सांभाळायची, पण ती गायिका ते प्रत्यक्ष गाते तो आवाज सांभाळण्याचे बंधन कोणावरही नाही. वृत्तपत्रांचा समावेश करण्यासाठी या अधिनियमात १९५६ मध्ये दुरुस्ती झाली; आवाजासाठी अद्याप झालेली नाही. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. ध्वनीसाठी तशी स्वतंत्र, कायद्याचे पाठबळ असलेली संस्था नाही. अमेरिकेने २००० मध्ये ध्वनिमुद्रण जतनाचा स्वतंत्र कायदा केला आणि त्यानुसार दरवर्षी पंचवीस ध्वनिमुद्रणे राष्ट्रीय नोंदवहीत घेतली जातात. आपण निदान नोंदवही तरी सुरू करू शकलो असतो.

स्वामित्वहक्काचा अडसर पुढे केला जातो. तो अंशतः खरा आहे. १९५७ च्या अधिनियमानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. त्यामुळे गौहर जान किंवा नागरत्नम्मा यांच्या तबकड्या केव्हाच खुल्या झाल्या आहेत. उत्सवाची टेप मात्र बहुधा ‘प्रकाशित’ झालेलीच नसते. मग साठ वर्षांचे घड्याळ सुरू कधी व्हायचे? १९६० च्या दशकातील एखाद्या स्त्री-संमेलनाची टेप त्यामुळे १९०२ च्या तबकडीपेक्षा कायद्याने अधिक बंदिस्त ठरू शकते. तथापि, २०१२ च्या दुरुस्तीने बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना, त्यांच्याकडे मूळ प्रत असल्यास, जतनासाठी डिजिटल प्रत करण्याची मोकळीक दिली आहे. या तरतुदीचा आधार घेऊन धाडसाने काम करणाऱ्या सरकारी संस्था मला फार दिसल्या नाहीत. संगीत नाटक अकादमी, इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्र आणि त्याचा राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्‌श्राव्य अभिलेखागार प्रकल्प यांनी केलेले काम मोलाचे आहे. पण ते प्रकल्प आहेत, आणि प्रकल्पाला मुदत असते.

उरलेले काम हौशी माणसांनी केले. मुंबईतील ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’चे डॉ. सुरेश चांदवणकर यांनी ‘यंग इंडिया’ या मुंबईच्या देशी कंपनीच्या तबकड्यांचे डिजिटायझेशन केले, ते ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातील अभिलेखांसाठीच्या योजनेतून. आपल्या शहरात निघालेल्या तबकड्या वाचवण्यासाठी निधी लंडनहून यावा, यात त्यांचा गौरव आणि आपली नामुष्की, दोन्ही आहेत. केसरबाई केरकरांचेच पाहा. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत त्यांची भैरवी अंतराळात गेली, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटतो. ती तबकडी तेव्हा बाजारात दुर्मीळ झाली होती. निवड करणाऱ्यांना ती सापडली न्यूयॉर्कमधील एका भारतीय दुकानात, धूळ खात पडलेल्या खोक्यात.

वाचकांना वाटेल की हे सारे जुनेच आहे, आणखी दहा वर्षांनी केले तरी काय बिघडते? तबकड्यांच्या बाबतीत कदाचित थोडेच बिघडेल. लाखेची तबकडी फुटते, पण फुटली नाही तर शंभर वर्षांनंतरही वाजते, आणि ती वाजवणारे यंत्र नव्याने बनवता येते. चुंबकीय टेपचे तसे नाही. अ‍ॅसिटेटच्या जुन्या टेपा आंबून त्यांना व्हिनेगरसारखा वास येतो, त्या आक्रसतात. नंतरच्या काळातील अनेक टेपांवरील बंधक द्रव्य आर्द्रतेने चिकट होते आणि टेप वाजवताना तिचा थर खरवडून निघतो. आपल्या किनारपट्टीची हवा याला फारच अनुकूल. त्याहून गंभीर बाब यंत्रांची आहे. टेप वाजवणारी व्यावसायिक यंत्रे आता तयार होत नाहीत, सुटे भाग मिळत नाहीत आणि ती दुरुस्त करणारे तंत्रज्ञ निवृत्त झाले आहेत. युनेस्को आणि ध्वनि-दृक्‌श्राव्य अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये जगाला इशारा दिला तो याच कारणाने: मोठ्या प्रमाणावर टेपा वाजवून घेण्याची संधी २०२५ च्या आसपास संपू लागेल. स्त्रियांच्या संगीतोत्सवांचा स्वातंत्र्योत्तर काळातील आवाज, म्हणजे महिला मंडळांची संमेलने, आराधनेतील स्त्रियांची गायने, जिल्ह्याजिल्ह्यांतील स्पर्धा, हा बहुतांशी तबकडीवर नव्हे, टेपवरच आहे.

येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. सेवेच्या पूर्वार्धात एका जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यालय नव्या इमारतीत हलवताना निर्लेखनाची यादी माझ्यासमोर आली. मोडक्या खुर्च्या, गंजलेले पंखे, सायक्लोस्टाइल यंत्र, आणि त्याखाली ‘जुन्या टेपा, निरुपयोगी’. खोक्यात चाळीसेक रिळे होती. वरच्या दोन-तीन मी पाहिली. कोण्या महिला संगीत संमेलनाच्या होत्या; वेष्टनावर निळ्या शाईत गायिकांची नावे, राग आणि तारीख सुवाच्य अक्षरांत लिहिली होती. कोणीतरी मनापासून केलेले काम होते ते. कार्यालयात वाजवायला यंत्र नव्हते. अभिलेख वर्गीकरणाच्या सूचनांत कागदांसाठी किती वर्षे ठेवायचे याचा तक्ता होता. टेपांसाठी रकानाच नव्हता. भंगारवाल्याने ती वजनावर नेली. यादीवरील सही माझी आहे.

इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी असूनही मला तेव्हा तो अभिलेख दिसला नाही, कारण नियमाने तो मला दाखवला नाही. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमातील व्याख्येत कागदपत्रे, सूक्ष्मपट, त्यांच्या प्रती आणि संगणक ‘किंवा अन्य साधना’ने निर्माण झालेले साहित्य येते. माझ्या वाचनानुसार या शेवटच्या शब्दांत ध्वनिफीत बसवता येते. त्यासाठी अधिनियम बदलण्याचीही आवश्यकता नाही. केंद्राचे एक स्पष्टीकरणात्मक परिपत्रक पुरेल, आणि राज्ये आपल्या कार्यालयांसाठी तसेच आदेश काढू शकतात. आकाशवाणीची केंद्रे, अकादमी, शासकीय संगीत महाविद्यालये आणि जिल्हा कार्यालये यांनी आपल्याकडील टेपांची निव्वळ यादी करावी आणि ती होईपर्यंत एकही रीळ निर्लेखित करू नये, एवढे जरी त्यात असले तरी बरेच काही वाचेल. १९५४ च्या अधिनियमात ‘ध्वनिमुद्रण’ हा शब्द घालण्याचे काम संसदेचे. त्याला वेळ लागेल, तो लागू द्यावा. यादीला वेळ लागता कामा नये.

यादी करताना रकाने कोणते असावेत, याचा नमुना त्या निळ्या शाईत होता: गायिकेचे नाव, तिचे आधीचे नाव असल्यास तेही, साथीदार, राग, स्थळ, तारीख. आणि एक रकाना मी वाढवीन, ध्वनिक्षेपक कोठे होता तो. तिरुवैयारूच्या बाबतीत समाधीच्या पुढे की मागे, हे कळले असते तर इतिहासकाराचे निम्मे काम झाले असते. आज तेथे त्यागराजांच्या मंदिरासमोर नागरत्नम्मांची समाधी आहे. त्यांची मूर्ती हात जोडून मंदिराकडे तोंड करून बसलेली आहे, पुढच्या बाजूस.